माळकऱ्याच्या घरची कोंबडी

सोमवार, ६ जानेवारी

आज विशाखाला दवाखान्यात नेऊन आणलं. पाचवा महिना लागला, पण डॉक्टरीणबाई खूश नाहीत. म्हणाल्या, बाळाची वाढ मागे आहे, आईच्या अंगाला काही लागत नाही. मला खाली मान घालावी लागली. सून माझ्या घरात आहे, मग दोष कोणाचा?

दिवाळीत ती जपानहून आली. लग्नानंतर दीड वर्ष सर्वेशजवळ तिकडेच होती. दिवस गेल्यावर तोच म्हणाला, इथं दवाखान्यात भाषेची अडचण होते, तू लातूरला आईकडं जा, मी डोहाळजेवणाला येतो. शहाणा आहे माझा लेक. पण ही पोरगी आली तेव्हापासून दोन घास खाते आणि ताट सरकवते. डिंकाचे लाडू केले, नाचणीची खीर केली, तुपात परतलेलं पेंडखजूर दिलं. "पोट भरलं, आई." एवढंच बोलणं.

संध्याकाळी शेजारच्या केवळाबाई आल्या. त्या हदगावकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या, तोंडाच्या फटकळ. म्हणाल्या, "वैनी, तुमी नुसतं आपल्या मनाचं करून घालून राहिल्या. पोरीला इचारलं का, तुला कशाचे डोहाळे हायेत म्हून? डोहाळे न्हाई पुरवले की लेकराचे कान फुटतात बघा."

खरंच, मी विचारलंच नव्हतं.

बुधवार, ८ जानेवारी

वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं. आधी "काही नाही" म्हणाली. मग बराच वेळ शेंगा सोलत राहिली आणि खाली बघूनच म्हणाली, "कोंबडी."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

तिकडे त्यांच्या स्टेशनपाशी एक दुकान होतं म्हणे. तळलेल्या कोंबडीचे बोटभर तुकडे, कागदाच्या पिशवीत देतात. त्याला कारागे म्हणतात. बाहेर बर्फ पडायचा, सर्वेश ऑफिसातून येताना घ्यायचा आणि गार होऊ नये म्हणून पिशवी कोटाच्या आत धरायचा. दोघं घरी येईपर्यंत रस्त्यातच संपवायची. दाताखाली कुर्र वाजायची, म्हणाली. सांगताना ती हसली. आल्यापासून पहिल्यांदाच हसताना पाहिली.

मग परत शेंगा हातात घेतल्या. "तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं, आई. इथं नको काही. मला ठाऊक आहे."

काय ठाऊक आहे ते मलाही ठाऊक आहे. माझ्या गळ्यात लग्नापासून तुळशीची माळ आहे, यांच्या गळ्यात लहानपणापासून. या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. सर्वेशच्याही गळ्यात होती, तिकडे गेल्यावर दोरा तुटला म्हणाला. नवीन पाठवते म्हटलं तर म्हणाला, राहू दे आई, इकडे पोस्टात अडकते.

पण तो कोंबडी खातो हे मला आजच कळलं.

शुक्रवार, १० जानेवारी. पुत्रदा एकादशी

देवाला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची फुलं ठेवली. म्हटलं, उजवं पडलं तर करीन, डावं पडलं तर विषय सोडीन. हात जोडून बसले. दुपार टळली तरी एकही फूल पडलं नाही. देवानंसुद्धा माझ्यावरच टाकलं.

यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. "माझ्या घरात?"

"घरात नाही. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी. शेगडी, कढई केवळाबाईंची. घरातलं काही बाहेर जाणार नाही, बाहेरचं काही आत येणार नाही."

यांनी पेपरची घडी घातली आणि चपला घालून देवळात गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढंच कळतं की हे चपला घालून गेले म्हणजे मी वाईट ठरेन, पण अडवलं जाणार नाही.

रविवार, १९ जानेवारी

संक्रांत होऊ दिली. आज केलं.

केवळाबाईंनी कोंबडी आणली, तुकडे करून, हाडं काढून. मी डोळे मिटून धुतली. मनात नाव घेत होते देवाचं, आणि हाताला ते गार, निसरडं लागत होतं. मग मला जे येतं ते केलं. बेसन, ओवा, हळद, तिखट, चिमूटभर सोडा.

केवळाबाई कढईत डोकावून हसत सुटल्या. "अवं वैनी! ही तर कोंबडीची भजी झाली की वो!"

विशाखा आली, एक खाल्लं, दुसरं अर्धं. तीही हसली. "छान आहे आई. पण हे ते नाही." मग माझं तोंड बघून उरलेलं अर्धं खाल्लं. ते माझ्यासाठी खाल्लं, हे मला कळलं.

मला चव घेता येत नाही ना, हीच मोठी पंचाईत आहे. मीठ कमी का जास्त, आतून शिजलं का नाही, सगळं दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. आंधळ्यानं रांगोळी घालावी तसं.

तेल परत वापरायचं नाही म्हणून केवळाबाईंना दिलं. एवढं तेल एका घाण्यात गेलं, जीव तुटला. हिशोबाच्या वहीत कोंबडी कुठं लिहायची कळेना. किराण्यात लिहिली तर वहीला विटाळ. शेवटी 'औषध' या रकान्यात लिहिली. खोटं नाही ते.

मंगळवार, २१ जानेवारी

सर्वेशला फोन लावला. म्हटलं, बाबा, ते कारागे का काय ते कसं करतात, कोणाला विचारून सांग. विशाखाला हवंय.

मग म्हणाला, "विचारायचं काय त्यात, सांगतो की." आणि असं धडाधडा सांगितलं की मी लिहिता लिहिता दमले. तंगडीचं मांस घ्यायचं, कातड्यासकट. सोया सॉस, आल्याचा रस पिळून, चोथा नाही घालायचा. थोडी तांदळाची दारू. अर्धा तास मुरवायचं, जास्त नाही, नाहीतर पाणी सुटतं. वरून बटाट्याचं पांढरं पीठ, आणि पीठ लावल्यावर लगेच नाही तळायचं, ओलसर झालेलं दिसलं की मग. पहिल्यांदा मंद तेलात, काढून जाळीवर ठेवायचं, दम खाऊ द्यायचा, मग कडक तेलात परत. कागदावर नाही ठेवायचं, खालून मऊ पडतं. वर लिंबू.

मी चकितच झाले. ज्या पोराला कधी चहा ठेवता आला नाही, त्याला तळणातले बारकावे! परदेशात राहून पोरगं स्वयंपाकाला लागलं, मला कौतुक वाटलं. म्हटलं, ऐकलं का विशाखा, तुझा नवरा तर आचारी झाला.

फोन स्पीकरवर होता. विशाखा दारात उभी होती. तिनं विचारलं, "कोणी शिकवलं?"

सर्वेश म्हणाला, मोबाइलवर बघून. मग म्हणाला, मीटिंग आहे, ठेवतो.

विशाखा उभीच. मी म्हटलं, काय झालं गं? म्हणाली, "काही नाही, आई. आमच्या घरात कढईच नव्हती."

आता घेतली असेल. एवढं काय त्यात.

रविवार, २ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा. केवळाबाई कोंबडी घेऊन आल्या त्या बडबडतच. "कातड्यासकट दे म्हणलं तर त्यो दुकानदार माझ्याकडंच बघून ऱ्हायला. म्हणतो, मावशी, कातडं तर आमी कुत्र्याला टाकतो. म्या म्हणलं, आमच्या सूनबाईला जपानी डोहाळे लागले, तुला काय कळतंय!"

सोया सॉस चायनीजच्या गाड्यावाल्याकडून वाटीभर आणला. दारू मी घरात आणणार नाही, अंगणातसुद्धा नाही. अनारशाला तांदूळ भिजत घालतो ना, तसे घातले आणि तिसऱ्या दिवशीचं आंबूस पाणी वापरलं. वास तर तसाच येतो, केवळाबाई म्हणाल्या. त्यांना कसा ठाऊक, मी विचारलं नाही.

बटाट्याचं पीठ मात्र कुठं मिळेना. गंजगोलाईत दुकानं पालथी घातली. शेवटी मक्याचं वापरलं. तेलात जास्त तुकडे घातले गेले, गॅस वाया जाऊ नये म्हणून. तेल गार पडलं. बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात सगळं मऊ, ओलं, कातडं रबरासारखं.

विशाखानं ताट परत दिलं. "राहू द्या आई, उगीच तुम्हाला त्रास."

वास घरभर गेला. यांनी देवघराचं दार लावून घेतलं. मी दोनदा आंघोळ केली, केसातून गेला नाही. रात्रीचा जप करायला बसवेना.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शिवरात्र जवळ आली म्हणून उपवासाचे वेफर्स करायला घेतले. बटाटे किसणीवर घासून पाण्यात टाकले, धुतले, पाणी ओतायला पातेलं तिरपं केलं आणि हात थांबला. तळाशी पांढरं शुभ्र बसलेलं. दरवर्षी बसतं. मी ते वाळवून डब्यात ठेवते, एकादशीच्या खिरीला घट्टपणा येतो. इतकी वर्षं हाच काटकसरीचा डाव. आणि मी गंजगोलाईत हिंडत होते!

घरातच होतं. पण ते उपवासाचं.

परातीत पसरून गच्चीवर ठेवलं. उन्हात चमचमत होतं. मी शेजारी बसून राहिले. एकादशीचं पीठ कोंबडीला लावायचं. ज्यानं पोटात भूक दिली तोच डोहाळेही देतो, असं स्वतःला समजावलं. पटलं का? नाही. पण विशाखाचे हात बघितले की बांगड्या कोपरापर्यंत चढतात.

रविवार, १६ फेब्रुवारी

झालं!

सगळं सर्वेशनं सांगितलं तसंच केलं. पीठ लावून ओलसर होऊ दिलं. थोडे थोडे तुकडे. पहिल्यांदा फिके काढले, अनारशाच्या जाळीवर ठेवले, दम खाऊ दिला, मग तेल चांगलं तापवून परत. कढईतला आवाजच बदलला. आधी बुडबुड होती, मग टिपरी वाजावी तसा बारीक कडकडाट. केवळाबाईंनी एक तोडलं तर भिंतीपलीकडे ऐकू जावं असं कुर्र झालं. "वैनी, आता तुमी गाडा टाका!"

विशाखाला ताट दिलं. पहिला घास घेतला आणि तिचं चावणं थांबलं. मला वाटलं कच्चं राहिलं. मग ती परत चावायला लागली, आणि डोळ्यांतून पाणी. टिपं गाळत खात राहिली. सगळं ताट संपवलं. मी वाढत गेले, ती खात गेली.

"तिकडच्यासारखं झालं का गं?"

"नाही आई. तिकडच्यापेक्षा चांगलं. दुकानातलं असं नसायचं." डोळे पुसले. "हे घरच्यासारखं लागतं. कोणीतरी घरी करून शिकवल्यासारखं."

मला इतका आनंद झाला. माळेला हात लावून देवाची माफी मागितली आणि आभारही मानले, एकाच नमस्कारात.

विशाखा मग दार लावून झोपली. जेवण अंगावर आलं असेल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दवाखान्यातून आलो. बाळानं अंग धरायला सुरुवात केली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काय देताय? मी म्हटलं, घरचंच. विशाखा माझ्याकडे बघून हसली. किती बरं वाटलं.

संध्याकाळी सर्वेशचा फोन आला, पण यांच्या मोबाइलवर. एरवी मला करतो. हे बोलता बोलता मागच्या अंगणात गेले आणि दार ओढून घेतलं. मी खिडकीतून बघितलं. धुण्याच्या दगडावर बसले होते, जिथं कधी बसत नाहीत, त्या शेगडीच्या शेजारी. बराच वेळ ऐकूनच घेत होते. एकदाच आवाज चढला, "आणि या पोरीचं काय?" पुढचं ऐकू आलं नाही.

आत आले तेव्हा तोंड उतरलेलं. म्हणाले, "सर्वेशला रजा नाही. डोहाळजेवणाला येणार नाही."

मी म्हटलं, साहेबाला सांग म्हणावं, घरचं कारण आहे. कुलदेवीचं नाव घालून अर्ज कर म्हणावं. हे माठाकडे गेले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "सिंधु, ती कोंबडी का काय ते. तिला जेव्हा पाहिजे तेव्हा कर. रोज लागली तर रोज कर."

मी बघतच राहिले. "आणि माळ?"

"करताना मी तुझ्याजवळ बसतो," म्हणाले.

यांना काय झालं कळेना. माणूस म्हातारा झाला की मऊ पडतो म्हणतात, तसंच असेल.

रविवार, २ मार्च

खरंच बसले. खुर्ची टाकून, तोंड भिंतीकडे, हातात जपमाळ. मी तळत होते. केवळाबाई म्हणाल्या, "भावजी, तुमी बी एक चाखून बघता का?" एरवी यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं असतं. आज म्हणाले, "पोरगी पोटभर खाते का, तेवढं बघा." आणि उठून लिंबू आणायला स्वतः गेले.

रविवार, ९ मार्च

डोहाळजेवण झालं. विशाखाला हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद. झोपाळा केवळाबाईंच्या पोरांनी बांधला. गल्लीतल्या बाया आल्या, ओटी भरली, गाणी झाली. दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. विशाखानं बर्फी उघडली. बाया ओरडल्या, मुलगी मुलगी! मला काय, कोणीही येवो, चालता बोलता येवो.

सगळ्या विचारत होत्या, सर्वेश? मी म्हटलं, आता व्हिडिओवर दिसेल, ठरलंय. मोबाइल झोपाळ्यासमोर पाटावर उभा करून ठेवला होता, हळदीकुंकवाच्या ताटाला टेकवून. बायांचा फराळ झाला, मोबाइल वाजला नाही. मी लावला, उचलला नाही. परत लावला.

विशाखा झोपाळ्यावरून म्हणाली, "आई, ठेवा तो. रेंज नसेल."

जपानात रेंज नसते होय? पण बायांपुढे काय बोलणार. मी मोबाइल पालथा घातला.

मंगळवार, ११ मार्च

विशाखाचे वडील, सुदर्शनराव, धर्माबादहून गाडी घेऊन आले. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. त्यांची आणि यांची बैठकीत बोलणी झाली. चहा द्यायला गेले तर दोघंही गप्प झाले. सुदर्शनरावांनी चहा घेतला नाही. बशीत तसाच गार झाला. व्याह्यांनी घरचा चहा न घेता जावं, असं मी काय कमी केलं?

निघायच्या जरा आधी कोंबडी तळली होती, वाटेत खायला. कागदाची पिशवी कुठून आणायची, मग वर्तमानपत्राची केली, खळ लावून. विशाखाच्या हातात दिली. तिनं ती शालीच्या आत धरली, छातीशी. गरम राहावी म्हणून.

पाया पडायला लागली. पोटामुळे तिला वाकू दिलं नाही मी. तिनं मला जवळ घेतलं. इतक्या दिवसांत कधी घेतलं नव्हतं. म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी विटाळ सोसलात आई. मी विसरणार नाही."

मी म्हटलं, वेडी का तू, बाळाला घेऊन इकडंच यायचंय ना. बारशाला सर्वेश नक्की येईल, मी बोलते त्याच्याशी.

"बोला," म्हणाली. "आणि सांगा, छान जमली म्हणावं. त्यांना सांगा, आणि जिच्या हातची आहे तिलाही सांगा."

गाडी गेली. यांना विचारलं, जिच्या हातची म्हणजे? मीच तर केली.

हे ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. म्हणाले, "सिंधु, आत चल."

मंगळवार, २५ मार्च. एकादशी

विशाखाचा फोन नाही. मी लावते, तिची आई उचलते. झोपली आहे, म्हणतात. तब्येत बरी आहे, म्हणतात. आवाज असा की जसं मीच काही केलं.

आज सर्वेशचा फोन लागला. म्हटलं, तुझी कोंबडी जमली बाबा, अगदी कुर्र वाजत होती. बटाट्याचं पीठ मी घरचंच वापरलं, उपवासाचं. विशाखानं पोटभर खाल्ली. म्हणाली, जिच्या हातची तिलाही सांगा.

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "आई, बाबा तुला काही बोलले नाहीत?"

"काय?"

मागे कुठंतरी तेलात काही पडल्याचा आवाज आला. तो आवाज मला आता झोपेतही ओळखू येतो. आधी बुडबुड, मग बारीक कडकडाट. दुसरा घाणा.

मी म्हटलं, "कोण तळतंय रे?"

"ठेवतो आई," म्हणाला.

यांना सांगितलं नाही. यांनी विचारलं नाही. उपवासाला बटाट्याचा कीस करायचा म्हणून बटाटे किसून पाण्यात टाकले. पाणी ओतलं तर तळाशी नेहमीसारखं पांढरं बसलेलं. टाकवेना. परातीत पसरून गच्चीवर ठेवलं आणि उन्हात शेजारी बसून राहिले, वाळेपर्यंत. डबा भरला. कशाला लागेल ते ठाऊक नाही.

हिशोब लिहून झाला. औषधाच्या रकान्यात या पंधरवड्यात काही नाही.